अपवाद करण्याचा अधिकार कोणाचा? निरंकुश सत्ता आणि निरपेक्ष तत्त्व यांविषयी

वाळवा तालुक्यातला एक विद्यार्थी सांगलीत राज्यशास्त्रात एम. ए. करतो आहे. वर्गात पोलीस कोठडीतील मारहाणीवर चर्चा निघाली, तेव्हा तो म्हणाला की आरोपी कोणीही असो आणि गुन्हा कितीही भयंकर असो, माणसाचा छळ करणे चूकच. त्यावर मित्र म्हणाला, ‘‘म्हणजे तू ॲब्सोल्यूटिस्ट झालास. हुकूमशहालाही अपवाद चालत नाही आणि तुलाही चालत नाही. मग फरक काय राहिला?’’ घरी येऊन त्याने पुस्तके चाळली, तर राजकीय विचारांच्या पुस्तकात हा शब्द फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला लावलेला, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हेगेलला आणि नीतिशास्त्राच्या पुस्तकात कांटला. हे सगळे एकच आहे का, आणि मित्राचे म्हणणे बरोबर आहे का, असे त्याने विचारले आहे.

विचारलेत ते बरे केलेत. हा गोंधळ मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिला आहे आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नसतो. एकच नाव तीन शास्त्रांनी आपापल्या कामासाठी उचलले, त्यामुळे तो झाला आहे. शब्दाचा गुंता सोडवणे सोपे. त्यामागचा प्रश्न मात्र अवघड आहे: एखादे तत्त्व बिनशर्त मानणारा माणूस बिनशर्त सत्तेकडे झुकतो का? सांगलीत राज्यशास्त्र आणि पुढे नीतिशास्त्राचा पेपर शिकवताना मी या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा आलो आहे. माझे मत आधीच सांगतो. मित्राने मांडलेले समीकरण उलटे आहे. निरंकुश सत्ताधीशाला अपवाद चालतात. किंबहुना अपवाद करण्याचा अधिकार आपल्याच हाती असावा हीच त्याची मागणी असते. ‘छळ कधीच नाही’ म्हणणारा माणूस नेमका तोच अधिकार कोणाच्याही हाती द्यायला नकार देत असतो.

यात काही गोष्टी संदर्भावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगायला हव्यात. आधुनिक युरोपच्या इतिहासाच्या पेपरात हा शब्द आला तर तो बहुतेक वेळा सोळाव्या ते अठराव्या शतकातील राजेशाहीबद्दल असतो. नीतिशास्त्रात लेखकागणिक वापर बदलतो. कोणी ‘नैतिक सत्य माणसांच्या मतावर ठरत नाही’ एवढ्याच म्हणण्याला हे नाव देतो, तर कोणी ‘काही कृत्यांना कधीच अपवाद नाही’ या कडक म्हणण्यासाठी ते राखून ठेवतो. म्हणून लेखक कोणत्या अर्थाने बोलतो आहे हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच शोधून काढावे. ‘ॲब्सोल्यूट’ याचा लॅटिनमधला मूळ अर्थ ‘बंधनातून सुटलेला, मोकळा’ असा आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगत असे: इथे काय मोकळे आहे, आणि कशापासून मोकळे आहे? रोमन कायदेपंडित अल्पियन याचे वचन आहे की राजा कायद्यांच्या बंधनातून मोकळा असतो. तिथे राजा मोकळा आहे, कायद्यापासून. हेगेलच्या प्रांतात अंतिम सत्य मोकळे आहे, ते स्वतःबाहेरच्या कशावरही अवलंबून नाही. कांटच्या प्रांतात नियम मोकळा आहे, परिणामांपासून आणि आपल्या इच्छेपासून. या तीन ठिकाणी मोकळ्या झालेल्या गोष्टीही वेगळ्या आणि तुटलेली बंधनेही वेगळी.

आता राजकारणाकडे येऊ. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची यादवी पेटलेली असताना, १५७६ मध्ये जाँ बोदँने सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडला. राज्यात कुठेतरी एक अंतिम अधिकार असला पाहिजे, जो दुसऱ्या कोणाची संमती न घेता कायदा करू शकेल, नाहीतर भांडण कधीच मिटणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. पण बोदँचा राजा सगळ्यापासून मोकळा नाही, हे पाठ्यपुस्तके घाईत सांगायची विसरतात. ईश्वरी आणि नैसर्गिक कायदा त्याच्यावर बंधनकारक आहे. गादीच्या वारशाचे मूलभूत नियम त्याला बदलता येत नाहीत. प्रजेशी केलेला करार त्याने पाळलाच पाहिजे, आणि प्रजेची मालमत्ता तिच्या संमतीशिवाय घेता येत नाही. तो मोकळा आहे तो माणसांनी केलेल्या कायद्यांपासून, म्हणजे स्वतःच्या आणि पूर्वजांच्या हुकमांपासून.

इंग्लंडमध्ये यादवी झाली, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, आणि १६५१ मध्ये टॉमस हॉब्जचा ग्रंथ आला. हॉब्जने ईश्वराचा आधार जवळपास बाजूला ठेवून भीतीचा आधार घेतला. सगळ्यांनी मिळून एका सत्तेकडे आपले अधिकार सोपवले. ती सत्ता करारात पक्षकार नाही, म्हणून तिने करार मोडला असे कोणाला म्हणता येत नाही. ती सत्ता एका राजाची असावी किंवा सभेची, दोन्ही त्याला चालते. तरीही त्याने एक गोष्ट सोडलेली नाही: जिवावर बेतले तर स्वतःचा बचाव करण्याचा हक्क माणूस कोणालाही देऊन टाकू शकत नाही.

मग चौदावा लुई. १६६१ मध्ये मंत्री माझारँ वारल्यावर त्याने मुख्यमंत्री नेमलाच नाही, कारभार स्वतः हाती घेतला. त्याच्या सबंध कारकिर्दीत देशाची इस्टेट्स जनरल ही सभा एकदाही भरली नाही. १६१४ नंतर ती थेट १७८९ मध्येच भरली. १६८५ मध्ये त्याने प्रोटेस्टंटांना मिळालेले धार्मिक संरक्षण एका फर्मानाने काढून घेतले. सत्ता किती मोकळी झाली होती ते या फर्मानावरून कळते, आणि तिने माणसांचे काय होऊ शकते तेही, कारण त्यानंतर मोठ्या संख्येने लोकांनी देश सोडला. पण याच लुईच्या राज्यात सर्वत्र एक दिवाणी कायदा नव्हता, एक वजनमाप नव्हते, आणि पैशासाठी त्याला सरकारी पदे विकावी लागत. पद विकत घेणारा माणूस मग राजाला सहज हलवता येत नसे. लांगडॉकसारख्या प्रांतांतल्या स्थानिक सभा टिकून होत्या आणि त्यांच्याशी देवघेव करूनच कर वसूल होई. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य लुईच्या तोंडी घालतात. तो ते बोलल्याचा समकालीन पुरावा नाही, तेव्हा उत्तरपत्रिकेत ते त्याचे वचन म्हणून लिहू नका.

म्हणून ‘निरंकुश’ आणि ‘सर्वंकष’ या दोन शब्दांत गल्लत करू नये. निरंकुश राजाला कायदेशीर प्रतिस्पर्धी नसतो, पण त्याचा हात समाजात फार खोल पोचलेला नसतो. विसाव्या शतकातील सर्वंकष राजवटींनी पक्ष, शाळा, रेडिओ, गुप्त पोलीस यांच्या जोरावर माणसाच्या घरात आणि डोक्यात शिरण्याचा प्रयत्न केला. लुईला ते जमले नसते, आणि तशी त्याची कल्पनाही नव्हती. निरंकुश सत्ता कागदावर तंतोतंत उतरलेली पाहायची असेल तर फ्रान्सपेक्षा डेन्मार्क पाहा. १६६५ च्या राजकायद्याने तिथे राजाला सर्व मानवी कायद्यांच्या वर ठेवले. धर्म, राज्याची अखंडता आणि वारसाक्रम एवढ्याच मर्यादा उरल्या. १८४९ च्या राज्यघटनेने ती व्यवस्था संपली.

आपल्याकडचा पुरावाही याच दिशेने बोलतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र वाचले आहे का? नसेल तर जरूर वाचा, लुईच्या काळातलेच ते लेखन आहे. त्यात वतनदारांना ‘राज्याचे दायाद’ म्हटले आहे, म्हणजे राज्यात वाटा मागणारे भाऊबंद. त्यांना तोडून टाकता येत नाही आणि मोकळेही सोडता येत नाही, ही अडचण अमात्यांनी फार स्पष्टपणे मांडली आहे. राजाची आज्ञा सर्वश्रेष्ठ, पण गावात देशमुख आणि पाटील बसलेले. पुढे तर साताऱ्यात याच्या पलीकडची अवस्था आली. १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यावर अधिकार गादीच्या नावाने चालत राहिला, निर्णय पुण्यात होऊ लागले. पदवी कितीही मोठी असो, तिच्यामागे कोणाचे हात चालतात हे पाहिल्याशिवाय सत्तेचे मोजमाप होत नाही.

आणि औंध. तुमच्या जिल्ह्यातले आटपाडी आणि कुंडल ही गावे त्या संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधी हे संस्थानिक. ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता डोक्यावर असली तरी संस्थानाच्या आत त्यांचा शब्द अंतिम. त्यांनी १९३९ मध्ये, गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन यांची मदत घेऊन, ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना प्रजेला दिली. वर्गात मी हे उदाहरण नेहमी घेत असे, कारण त्यातून बोदँचा एक जुना प्रश्न समोर येतो. ज्याच्या मर्जीने सगळे होते, तो स्वतःलाच कायमचा बांधून घेऊ शकतो का? आज मर्जीने दिलेले उद्या मर्जीने परत घेता येणार नाही याची हमी कोण देणार? बोदँचे उत्तर असे की राजा स्वतःच्या कायद्याने बांधला जात नाही, पण प्रजेशी केलेल्या कराराने बांधला जातो. औंधमध्ये शब्द पाळला गेला. त्यात भवानरावांचा मोठेपणा आहेच, पण गावागावांत पंचायती प्रत्यक्ष कारभार करू लागल्या होत्या, ही हमी मला जास्त भक्कम वाटते.

तत्त्वज्ञानातील सत्ताशास्त्राचा, म्हणजे मुळात काय अस्तित्वात आहे याच्या विचाराचा भाग (इथे ‘सत्ता’ म्हणजे अस्तित्व, राज्यसत्ता नव्हे) मी थोडक्यात आटोपतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध दूरचा आहे. न्यूटनने १६८७ मध्ये निरपेक्ष अवकाश आणि निरपेक्ष काळ मानला: वस्तू असोत वा नसोत, अवकाश आहेच. लायब्निझने ते नाकारले, अवकाश म्हणजे वस्तूंमधले संबंध एवढेच, असे तो म्हणाला. हेगेल आणि त्याच्यानंतर इंग्लंडमध्ये ब्रॅडली यांच्यासाठी ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे सर्व भेदांना पोटात घेणारे एकच अंतिम सत्य. आपल्याकडील अभ्यासक शांकर अद्वैतातील ब्रह्माबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात, जरी ब्रह्म आणि हेगेलचे सत्य यांत मोठे अंतर आहे. यातल्या कोणत्याही मतावरून कोणती राज्यव्यवस्था असावी हे सरळ निघत नाही. अद्वैत मानणारे लोक राजेशाहीतही होते आणि लोकशाहीतही आहेत.

नीतिशास्त्रात मात्र थांबावे लागेल. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. पहिली, नैतिक विधाने खरी किंवा खोटी असतात आणि ते आपल्या आवडीवर ठरत नाही, ही वस्तुनिष्ठता. दुसरी, तोच नियम सर्वांना लागू, ही सार्वत्रिकता. तिसरी, परिणाम काहीही होवोत, काही कृत्ये कधीच करू नयेत. हा काटेकोर अर्थाने निरपेक्षतावाद. पहिल्या दोन मानून तिसरी नाकारता येते. डब्ल्यू. डी. रॉसने १९३० मध्ये तेच केले. वचन पाळणे, उपकार फेडणे, इजा न करणे ही खरी कर्तव्ये आहेत, पण प्रसंगी एक कर्तव्य दुसऱ्यापेक्षा वजनदार ठरू शकते, असे तो म्हणतो. रॉस सापेक्षतावादी, म्हणजे योग्य-अयोग्य माणसागणिक किंवा समाजागणिक बदलते असे मानणारा नाही, आणि निरपेक्षतावादीही नाही. परीक्षेत ‘निरपेक्षतावाद विरुद्ध सापेक्षतावाद’ असा दोनच रकान्यांचा तक्ता काढणारे विद्यार्थी इथेच फसतात.

तिसऱ्या अर्थाचे सर्वांत कडक उदाहरण कांटचे. १७९७ मध्ये बेंजामँ कॉन्स्टंटच्या आक्षेपाला उत्तर देताना त्याने म्हटले की खुनी माणूस दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का’ असे विचारत असेल, तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. कांटला मानणारे अनेक अभ्यासकही इथे त्याच्याबरोबर जात नाहीत, आणि मीही जात नाही. कांटच्याच दुसऱ्या सूत्राने, म्हणजे माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये या सूत्राने, त्या खुन्याला आपल्या सत्यनिष्ठेचा वापर करू देणे योग्य ठरत नाही. पण कांटचे एक उदाहरण पटले नाही म्हणून निरपेक्ष तत्त्व असूच शकत नाही असे होत नाही. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा एलिझाबेथ ॲन्सकम या तत्त्वज्ञ बाईंनी विरोध केला. हिरोशिमा आणि नागासाकीत निरपराध लोक मारले जाणार हे माहीत असून, तेच साधन म्हणून वापरले, याला त्या खून म्हणत होत्या. युद्ध लवकर संपले हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. एका प्राध्यापिकेने जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारच्या निर्णयाला ‘कधीच नाही’ या दोन शब्दांनी अडवले. पदवी दिली गेलीच, पण तुमच्या मित्राला हे उदाहरण जरूर सांगा. इथे निरपेक्ष तत्त्व सत्तेच्या कोणत्या बाजूला उभे होते?

आतापर्यंतचे एकत्र ठेवतो. राज्यशास्त्रात प्रश्न आहे सत्तेवर कायद्याचे बंधन आहे का, हा. सत्ताशास्त्रात प्रश्न आहे काही स्वयंपूर्ण असे अंतिम सत्य आहे का, हा. नीतिशास्त्रात प्रश्न आहे काही नियमांना परिस्थितीचे अपवाद आहेत का, हा. तिन्हींची उत्तरे स्वतंत्रपणे देता येतात.

तरीही मित्राच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. हान्स केल्सन हा विसाव्या शतकातील अव्वल दर्जाचा कायदेतज्ज्ञ. ऑस्ट्रियाच्या १९२० च्या राज्यघटनेत त्याचा मोठा वाटा होता. १९४८ मध्ये त्याने एका निबंधात नेमका हाच संबंध जोडला. ज्याला अंतिम सत्य आणि अंतिम मूल्य कळल्याची खात्री आहे, त्याला बहुमताची गरज काय? जे सत्य ठरलेच आहे त्यावर मतदान कशाला घ्यायचे? याउलट आपले मत चुकीचे असू शकते हे मानणाराच विरोधकाला बोलू देईल. म्हणून तात्त्विक निरपेक्षतावाद निरंकुश सत्तेशी जुळतो आणि सापेक्षतावाद लोकशाहीशी, असे केल्सनचे म्हणणे. त्याने युरोपात जे पाहिले त्यातून हे आले आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच कोलोन विद्यापीठातले त्याचे पद गेले होते. या विचाराचा मला आदर आहे.

पण त्यात दोन गोष्टींची गाठ मारली गेली आहे, ती सोडवावी लागते. ‘हे सत्य अंतिम आहे’ हे एक विधान. ‘ते मला निश्चित कळले आहे, म्हणून ते तुमच्यावर लादण्याचा मला हक्क आहे’ हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तुम्ही वाढला आहात, तेव्हा आजूबाजूला जैन शेतकऱ्यांची घरे पाहिली असतील. जैन दर्शनात एकांतवादाला चूक मानतात; वस्तूला अनेक बाजू आहेत आणि माझे विधान एका बाजूने खरे आहे, असे ‘स्यात्’ सांगते. ज्ञानाबद्दल एवढी सावध असलेली ही परंपरा अहिंसेबद्दल मात्र जगातल्या सर्वांत कडक परंपरांपैकी एक आहे. ‘मला सगळे कळत नाही’ आणि ‘हे कृत्य मी कधीच करणार नाही’ ही दोन वाक्ये एकाच तोंडी शोभतात. किंबहुना पहिले वाक्य दुसऱ्याला बळ देते: मला सगळे कळत नाही, म्हणूनच परत न येणारी इजा मी कोणाला करू नये.

दुसऱ्या बाजूने हॉब्ज पाहा. निरंकुश सत्तेचा सर्वांत कसलेला पुरस्कर्ता काय म्हणतो? चांगले आणि वाईट हे शब्द बोलणाऱ्या माणसाच्या संदर्भातच वापरले जातात, निव्वळ आणि निरपेक्षपणे चांगले असे काही नसते. नैसर्गिक नियमांबद्दल त्याची मते यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, पण त्याच्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. प्रत्येकाचे चांगले वेगळे, म्हणून भांडण, म्हणून एक पंच, आणि पंच म्हणेल तेच चांगले. इथे नैतिक सापेक्षतेतूनच निरंकुश सत्तेची गरज उभी राहिली. केल्सनची जोडी हॉब्जपाशी तुटते.

आणि जर्मन कायदेतज्ज्ञ कार्ल श्मिट. १९२२ मध्ये त्याने सार्वभौमाची व्याख्या एका वाक्यात केली: अपवादात्मक स्थितीचा निर्णय जो घेतो तो सार्वभौम. १९३३ मध्ये हा माणूस नाझी पक्षात गेला, पण त्याची व्याख्या सत्तेचे स्वरूप अचूक दाखवते. नियम सगळ्यांसाठी असतात. ‘आता नियम थांबले’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे, खरी सत्ता त्याची. म्हणून निरंकुश सत्तेला अपवाद चालत नाहीत असे नाही; ती अपवादांवरच जगते.

आपल्या न्यायालयात हा प्रश्न अगदी उघडा झाला होता. आणीबाणीत, एडीएम जबलपूर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयासमोर मुद्दा होता की कलम २१ खालील, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा, हक्क बजावणे स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येते का. न्यायमूर्ती खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी एखाद्याला ठार केले तरी काही उपाय नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल रद्दबातल ठरवला. बारकावा लक्षात घ्या: कलम २१ स्वतः निरपेक्ष नाही, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने स्वातंत्र्य काढून घेता येतेच. निरपेक्ष झाली आहे ती एकच गोष्ट, की ते संरक्षण कोणालाही बंद करून ठेवता येत नाही. निरंकुश सत्तेला अडवणारी निरपेक्ष रेघ म्हणतात ती ही.

मग ‘सगळीच तत्त्वे निरपेक्ष माना’ असे मी म्हणतो आहे का? अजिबात नाही. दोन निरपेक्ष कर्तव्ये समोरासमोर आली की माणूस काहीही केले तरी दोषी ठरतो, आणि असे नीतिशास्त्र कोणालाच जगता येत नाही. यातून सुटण्याचा मार्ग मला असा दिसतो. ‘करा’ सांगणारी कर्तव्ये एकमेकांना भिडतात: एकाच वेळी दोन बुडणाऱ्यांना वाचवता येत नाही. ‘करू नका’ सांगणारे निषेध सहसा भिडत नाहीत: छळ न करणे, निरपराधाला न मारणे, अस्पृश्यता न पाळणे हे सगळे एकाच वेळी करता येते. म्हणून निरपेक्ष तत्त्वे थोडी असावीत, निषेधाच्या रूपात असावीत आणि त्यांचे वर्णन काटेकोर असावे. राज्यघटनेत कलम १९ च्या स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंध आहेत, पण कलम १७ मध्ये अस्पृश्यतेवरच्या बंदीला कोणताही अपवाद ठेवलेला नाही. सरसकट बोलण्यापेक्षा हा भेद किती विचारपूर्वक केला आहे ते पाहा. जैन परंपरेनेही हेच केले: मुनीसाठी अहिंसा महाव्रत, गृहस्थासाठी अणुव्रत. गृहस्थाने ठरवून केलेली, म्हणजे संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. शेती, स्वयंपाक, धंदा आणि स्वसंरक्षण यांत होणारी हिंसा वेगळी मोजली. नांगर धरणाऱ्या माणसाला पाळता येईल एवढी रेघ आखली आणि मग ती पुसू दिली नाही.

हे तुम्हाला परक्या उदाहरणांत सोपे वाटेल, म्हणून घरातले घेतो. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तुमच्याच भागात इंग्रजी सत्तेला आव्हान दिले, लोकांची न्यायालये चालवली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. ‘पत्री सरकार’ हे नाव फितुरांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेवरून पडले असे जुनी माणसे सांगत आली आहेत. प्रतिसरकारबद्दल माझ्या मनात अपार अभिमान आहे. तरीही वर्गात मी विचारत असे: ‘छळ कधीच नाही’ म्हणणाऱ्याने या शिक्षेला काय म्हणावे? तिथे पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते, आणि फितुरीने माणसे गोळीला बळी पडू शकत होती. या सगळ्यामुळे त्या कार्यकर्त्यांना दोष देणे अवघड होते. पण दोष कमी होणे वेगळे आणि कृत्य योग्य ठरणे वेगळे. हा भेद जपला तर आपल्या माणसांबद्दलचा आदरही टिकतो आणि तत्त्वही. तो जपायची तयारी नसेल तर आपले तत्त्व फक्त परक्यांसाठी आहे हे कबूल करावे लागेल.

आणखी एक फरक मित्राच्या नजरेतून सुटला आहे. तत्त्वावरची बिनशर्त निष्ठा आणि माणसावरची बिनशर्त निष्ठा या एकमेकींच्या विरोधात जातात. डॉ. आंबेडकरांनी, ज्यांच्या शाळेची सुरुवात साताऱ्यात झाली, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले की राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची हमखास वाट आहे. नेता बदलला की ज्याचे तत्त्व बदलते, त्याच्यापासून सत्तेला काही धोका नाही. नेता कोणीही असला तरी ‘हे चालणार नाही’ म्हणणाऱ्यापासून आहे.

परीक्षेसाठी एवढेच: राज्यशास्त्राच्या उत्तरात ‘निरंकुश राजेशाही’ लिहा, नीतिशास्त्रात ‘नैतिक निरपेक्षतावाद’ लिहा आणि तो निरपवादपणाच्या अर्थाने वापरत आहात हे पहिल्याच वाक्यात सांगा. बोदँच्या मर्यादा लिहिल्यात तर परीक्षकाला कळेल की तुम्ही मूळ विचार समजून घेतला आहे.

आणि मित्राशी पुन्हा चर्चा झालीच, तर तो बहुधा टिकटिकणाऱ्या बॉम्बचे उदाहरण देईल: एकाला मारहाण केली तर शंभर जण वाचतात. त्या वेळी त्याला परिणामांच्या गणितावर अडवू नका, ते गणित त्याने स्वतःच्या सोयीने मांडलेले असते. त्याला विचारा की कोठडीत उभ्या असलेल्या कोणत्या अधिकाऱ्याने ठरवायचे की ही वेळ आली आहे, कोणत्या पुराव्यावर, आणि माणूस चुकीचा निघाला तर त्याने कोणाकडे जायचे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने १९८४ मध्ये युद्ध किंवा आणीबाणी यांसह कोणतीही परिस्थिती सबब म्हणून चालणार नाही असे लिहिले, ते याच प्रश्नांना कोणाकडे भरवशाचे उत्तर नाही म्हणून. भारताने १९९७ मध्ये त्यावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. आपल्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. नियमात ठेवलेल्या या एका फटीमुळे कोठडीत कोणता दबाव तयार होतो, यावर तुमच्या वर्गात पुढची चर्चा घ्यावी असे मी सुचवेन.